दुखण्याची तारीख

(दृश्य : तासगावची द्राक्षबाग. विरळणी चालू. बायकांची टोळी, हात मांडवात.)

दिवसभर हात वर आणि मान ताणलेली. संध्याकाळी कंबर सगळ्यांचीच धरते. मग टोळीतली एखादी दर महिन्याला पाळीच्या दुखण्याने दोन दिवस घरीच पडून राहिली, की ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणून विषय मिटतो. एंडोमेट्रिओसिस हा आजार नेमका इथे नजरेतून सुटतो.

यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात.

दुखणं किती, याहून कधी आणि कुठे हे आधी बघा. साधं दुखणं बहुतेकदा पाळीबरोबर येतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. या आजारात ते पुष्कळदा पाळीच्या आधीच सुरू होतं, गोळी घेऊनही अंथरूण सुटत नाही. त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला बसलं की कळ येते. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं. हे तर बहिणीलाही सांगितलं जात नाही. काहींना त्रास काहीच नसतो, दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी होते तेव्हा कळतं.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, दुधाचे खाडे.)

दुधाचा खाडा मांडता त्याच चौकटीत तीन महिने लिहा : पाळीचा पहिला दिवस, दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे, गोळ्या किती, काम बुडलं का. मिरजेला दवाखान्यात जाताना ही पानं बरोबर न्या. मात्र अचानक असह्य दुखलं, ताप किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी गाठा.

सोनोग्राफीत अंडाशयातली, जुन्या रक्ताने भरलेली ‘चॉकलेट सिस्ट’ दिसते. ओटीपोटाच्या पडद्यावरचे या थराचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यात अविवाहित मुलींची तपासणी बहुधा पोटावरूनच होते. म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टवर फाईल बंद करू नये. पोटात दुर्बीण घालून तपासण्याआधी, लक्षणांवरूनही हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. डॉक्टरांसाठीची, या आजारावरची २०२२ची युरोपीय मार्गदर्शिका हेच सांगते.

आणि ‘पिशवीच काढून टाका’ कुणी म्हटलं, तर एक प्रश्न विचारा : बाहेरच्या ठिपक्यांचं काय करणार? ते राहिले, तर पिशवी गेल्यावरही दुखू शकतं.