ठेच, काटा आणि दुसऱ्या बोटामागचं हाड

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात मी सकाळी साडेपाचला धावायला जातो, तेव्हा दूध घेऊन खाली येणारे मोटारसायकलवाले माझ्याजवळ आले की हमखास वेग कमी करतात. माझ्या पायांत काही नसतं. एकाने एकदा गाडी थांबवूनच विचारलं, "काका, नवस हाय का?" म्हटलं, नवस नाही, हौस आहे. त्यावर तो म्हणाला, "मंग पाय दुखत न्हाईत व्हय?"

दुखतात. सहा वर्षं झाली, अजूनही दुखतात. मात्र दुखण्याच्या जाती असतात आणि त्या ओळखायला मला एक हाड मोडून घ्यावं लागलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की कुणी ना कुणी अबेबे बिकिलाचं नाव घेतंच. 10 सप्टेंबर 1960, रोम ऑलिंपिक. इथिओपियाचा हा धावपटू पूर्ण मॅरेथॉन अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. मीही हे दाखले देत असे. मग कळलं, की चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि आणखी तीन मिनिटं लवकर पोचला. शिवाय त्याचे पाय लहानपणापासून अनवाणी वाढलेले, आणि माझे बालवाडीपासून काळ्या बुटात कोंडलेले. आपल्या बारामतीच्या लताताई करे नऊवारीत अनवाणी शर्यत धावल्या, त्या नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. त्यांची ती गरज होती. माझ्यासारख्याने त्यांच्या नावावर आपली हौस खपवू नये.

तर माझं हाड. बूट सोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटर धावलो आणि पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उलटा उतरायची वेळ आली. ते स्वाभाविकच होतं. बुटाची जाड टाच गेली की पोटरी आणि टाचेच्या मागची ती जाड शीर, जिला जुनी माणसं घोडशीर म्हणतात, जास्त ताणली जाते. चार दिवसांत ते ओसरलं. तिसऱ्या आठवड्यात तळव्याची कातडी राठ झाली, खडी टोचेनाशी झाली आणि मला वाटलं, झाला पाय तयार. थेट दहा किलोमीटर घाट चढून उतरलो.

कातडी इथेच फसवते. ती काही आठवड्यांत निबर होते. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि हाडं तर महिनोन्‌महिने घेतात. आपल्या एका पावलात 26 हाडं आहेत. अंगठ्याच्या शेजारच्या बोटामागे, चवड्यातून घोट्याकडे जाणारं एक लांब, बारीक हाड असतं. मागच्या बाजूला ते इतकं घट्ट बसवलेलं असतं की त्याला फारसं हलताच येत नाही. चवड्यावर उतरून धावणाऱ्याच्या प्रत्येक पावलाचा भार त्याच्यावर येतो. रोज थोडं वाकायचं, रात्री थोडं सांधायचं, असा त्याचा हिशेब चालतो. मी सांधायला वेळच दिला नाही.

पाचव्या आठवड्यात उतारावर चवड्याच्या वरच्या बाजूला ठणका सुरू झाला. मी बाम चोळला, क्रेप बँडेज बांधलं आणि आठ दिवस तसाच धावलो. एक्स-रे काढला तर त्यात काहीच नव्हतं. मग काय, मी खुशीत आणखी दोन दिवस धावलो. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाले, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं." मी बोट ठेवलं. त्यांनी नेमक्या त्याच जागी अंगठ्याने दाबलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. हाडाला गेलेली अशी केसासारखी बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. पुढे हाड सांधायला लागलं की त्या जागी पांढुरका ढग उठतो, तेव्हा ती दिसते. माझा ढग तिसऱ्या आठवड्यात दिसला. सहा आठवडे धावणं बंद. घरी बसून मी किती चिडचिड केली, ते माझ्या बायकोलाच विचारा.

तेव्हापासून मी ही एका बोटाची परीक्षा पाळतो. दुखणं सगळ्या पोटरीभर, सगळ्या तळव्याभर पसरलेलं असेल, दोन्ही पायांत सारखं असेल आणि थोडं चाललं की कमी होत असेल, तर एक-दोन दिवस सुट्टी पुरते. पण हाडावर नेमकं बोट ठेवता येत असेल, त्या जागी सूज असेल आणि धावताना दुखणं वाढत जात असेल, तर तिथेच थांबायचं आणि चालत घरी यायचं. हे दुखणं ‘अंगावर काढायचं’ नसतं. आपल्याकडे अंगावर काढण्याचं फार कौतुक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

टाचेचं दुखणं आणखी निराळं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताच टाचेत सुरी घुसल्यासारखं होतं आणि दहा पावलांनी बरं वाटतं. तळव्याखाली जो जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावल्याची ही खूण. यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे. उठायच्या आधी पलंगावरच बसून पायाची बोटं हाताने मागे ओढून धरायची आणि अर्धा मिनिट मोजायचा, असं दहा वेळा. हे बरं व्हायला महिने लागतात, आठवड्याचा हिशेब इथे चालत नाही.

पाय जमिनीवर कसा टाकावा, हा वाद आमच्यात अखंड चालतो. 2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी दाखवलं, की कायम अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला दणका कमी बसतो. झालं, सगळे चवड्यावर उड्या मारायला लागले. पण 2013 मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. तेही अनवाणीच वाढलेले. आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांच्यातले बहुसंख्य टाचेवर उतरत होते! म्हणजे चवड्याचा हट्ट धरून पोटरी फाडून घेण्यात अर्थ नाही. पावलं लहान आणि भरभर टाका, पाय कमरेच्या फार पुढे फेकू नका, बाकीचं पायावर सोडा.

आता काटे. लहानपणी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला की आजी मला उंबऱ्यावर बसवायची. पाऊल मांडीवर घ्यायची, कंदिलाची वात वर करायची आणि सुई ज्योतीत तापवून घ्यायची. तळव्याला तेलाचं बोट लावलं की कातडीखालची काळी रेघ उठून दिसते, ही युक्ती तिची. काट्यावर सरळ खुपसायचं नाही, तो ज्या दिशेने शिरला त्या बाजूची कातडी सुईने हलकेच उसवायची. मी अजूनही असंच करतो, फक्त आधी साबणाने पाय धुतो आणि कंदिलाऐवजी मोबाईलचा टॉर्च. पण आजीची पुढची पायरी मात्र मी सोडली आहे. ती सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि त्याचं टपकणारं तेल जखमेत सोडायची. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, उततं. कृपा करून तो घालू नका. टोक आत राहिलं, जागा लाल होऊन ठणकू लागली, तर दवाखाना गाठा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवून बघा. मातीने माखलेली जखम असेल आणि त्याला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं.

घट्टा आणि कुरूप यांत गल्लत करू नका. कुरूप एका ठिकाणी खिळ्यासारखं आत शिरतं आणि दाबलं की कळ येते. घट्टा पसरट असतो, दुखत नाही. 2019 मध्ये केनियातच झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड असूनही त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली नव्हती. म्हणून मी घट्टे ब्लेडने खरवडत नाही. कडा फाटून भेगा पडू लागल्या, तर आंघोळीनंतर वजरीने हलकेच घासतो आणि रात्री कोकमाचं तेल कोमट करून भरतो. कोकणातल्या घरांत त्याचे पांढरे गोळे असतात, त्यातलाच एक.

ऋतूंचंही भान ठेवावं लागतं. मार्चनंतर नऊ वाजता डांबराचा तवा होतो. अडकलोच तर मी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून येतो, तो त्या मानाने थंड असतो. पावसाळ्यात कातडी भिजून मऊ पडते आणि बारीकशा खड्यानेही कापते. कापलेला पाय साचलेल्या पाण्यात घालणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण. त्या चार महिन्यांत मी बहुतेक वेळा बूट घालतो आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र हे सगळं फक्त ऐकावं. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून विचारतात, ‘कळलं का?’ ते कळत नसेल तर काच घुसल्याचंही कळणार नाही, आणि मी आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या खुणा तिथे निकामी ठरतात.

मागच्या दिवाळीनंतर घाटातल्या तिसऱ्या वळणावर माझ्या टाचेत बाटलीची काच गेली. पूर्वी असतो तर लंगडत सहा किलोमीटर पुरे केले असते. या खेपेला कठड्यावर बसलो, कमरेच्या पिशवीतून चिमटा काढला, काच ओढली, रुमाल बांधला आणि वाट पाहत राहिलो. तोच दूधवाला आला. काही न विचारता त्याने कॅन एका बाजूला सरकवले. पोवई नाक्यापर्यंत मी त्याच्या मागे बसून आलो, एक पाय अधांतरी धरून. उतरताना त्याने माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तेवढा नवस तरी करायचा व्हता."

नमस्कार.