वाडीला फायबर हवीच

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे चार जिल्हे त्यात आहेत. तेव्हापासून आपल्या कोकणातही विचारणा सुरू झाली आहे : नेट वरूनच येणार असेल तर वाडीपर्यंत फायबरची केबल ओढायची कशाला? मंडळी, ती ओढायलाच हवी. का, ते सांगतो.

उपग्रहावरून नेट आपल्याकडे नवीन नाही. आडगावच्या बँकशाखांत आणि एटीएमवर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहाशी जोडणारी छोटी डिश तुम्ही पाहिली असेल. ती ज्या उपग्रहाशी बोलते तो ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आपली विनंती वर जाऊन खाली येते, मग उत्तरही वर जाऊन खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात ते यामुळे, आणि यंत्र कितीही महाग घेतलं तरी हे अंतर कमी होत नाही.

स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा उशीर जवळजवळ संपतो. पण ते एका जागी थांबत नाहीत. डिशला सतत एक सोडून दुसरा पकडावा लागतो, म्हणून तिला वरचं आभाळ मोठ्या पट्ट्यात मोकळं हवं. आता आपली घरं आठवा. पुढे माड, मागे फणस, कडेला आंब्याचं कलम. माडाची झावळी मधे आली की कॉल दोन-चार सेकंद अडकणार, आणि वाऱ्याच्या दिवशी हे दिवसभर चालणार. नेटसाठी कुणी हापूसचं कलम तोडावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यात स्टारलिंकचे बरेचसे उपग्रह अशा कक्षांत आहेत की त्यांची दाटी युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर जास्त, आपल्याकडे विरळ. तिकडचे वेगाचे आकडे वाचून इथला हिशेब मांडू नका.

मग पाऊस. डिश आणि उपग्रह ज्या रेडिओलहरींवर बोलतात त्यांची लांबी एक ते तीन सेंटिमीटरच्या घरात असते, आणि मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. रिमझिमीत काही होत नाही. पण जुलैत सर कोसळते तेव्हा जोडणी काही मिनिटं जाऊ शकते.

विजेचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्टारलिंकची नेहमीची घरगुती डिश ७५ ते १०० वॅट घेते. ७५ धरले तरी दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. ज्या घराचं बिल शंभर युनिटांच्या आत बसतं, तिथे निम्मा वापर नेटचाच झाला. फायबरचा मोडेम दहा-बारा वॅटवर चालतो, छोट्या बॅटरीवर तासन्‌तास टिकतो.

आणि क्षमता. इस्रोचा जीसॅट-एन२ हा इंटरनेटसाठीचा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये वर गेला. त्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, म्हणजे ४८,००० मेगाबिट, तीही अख्ख्या देशासाठी. एकाच वेळी प्रत्येक घराला १० मेगाबिट द्यायचे म्हटले तर ४,८०० घरांत संपली. नळपाणी योजनेसारखंच आहे हे : टाकी एक, सकाळी सगळ्यांचे नळ सुरू. स्टारलिंकला देशभरात २० लाखच ग्राहक घेता येतील आणि महिन्याचा खर्च तीन हजारांच्या आसपास राहील, असं केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं. इतके पैसे दरमहा आपल्या वाडीतली किती घरं भरतील?

उपग्रह नकोत असं मी म्हणत नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइल बंद होते. त्या वेळी ग्रामपंचायतीत एक डिश आणि एक जनरेटर असता, तर मुंबईतल्या माणसांना घरच्यांची खुशाली तरी कळली असती. भामरागडच्या किंवा धडगावच्या ज्या पाड्यावर केबल जायला वर्षं लागतील, तिथली शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांना उपग्रह आधी मिळायला हवा.

पण घराघरात नेट पोचवायचं ते फायबरनेच. गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडायची केंद्राची योजना २०११ची आहे, तीच आताची भारतनेट. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १.३९ लाख कोटी मंजूर झाले. येत्या ग्रामसभेत विचारा : आपल्या पंचायतीतली फायबरची पेटी चालू आहे का, नसेल तर दुरुस्ती कुणाकडे आहे, आणि तिथून वाडीपर्यंतची केबल कधी पडणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.