टायरची हवा थंड असतानाच बघा
हे चारही टायर नीट बघा, यातल्या एकात हवा कमी आहे, कुठल्यात ते ओळखता येतंय का? नाही येणार. रेडियल टायरची, म्हणजे हल्लीच्या गाड्यांना असतात त्या टायरची, बाजू हवा बरोबर असली तरी खाली जराशी फुगलेली दिसतेच, त्यामुळे लाथ मारून हवा सांगणारे सगळे अंदाजपंचे बोलत असतात. आता गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, लावू. ३३, ३३, ३२ आणि हा मागचा डावा, २५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप).

भरायची किती, ते टायरवर शोधू नका. तिथे मॅक्स लिहिलेलं असतं, ती त्या टायरची कमाल मर्यादा. आपल्या गाडीचा आकडा इथे, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. पुढच्या-मागच्या टायरचा वेगळा असू शकतो, आणि गाडी माणसं-सामानाने भरली की बहुतेक वेळा अजून जास्त.

हा आकडा थंड टायरचा बरं का, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी पाहिजे किंवा फार तर दोनेक किलोमीटर चाललेली. लांबून पळवत आणली की आतली हवा तापते, प्रेशर चार-पाच पीएसआय चढतं, मग कोणीतरी म्हणतं जास्त झालीये काढा, आणि सकाळी टायर गार झाला की तेवढीच कमी भरते. गरम टायरमधून हवा काढायची नाही, विषय संपला.

आता कॅमेरा व्हॉल्व्हवर नेलाय. मधली ती बारीक पिन दिसतेय? स्प्रिंगवर असते, दाबली की हवेला वाट मिळते. गेज तिरकं लावलं, ऐका, फुस्स, हवा पण गेली आणि आकडा पण चुकला. सरळ धरून एका दमात दाबायचं. आता साबणाचं पाणी सोडलं, आणि हा बघा पिनेच्या कडेने बुडबुडा मोठा होतोय, म्हणजे पंक्चर नाहीये, व्हॉल्व्हचा आतला कोअर, म्हणजे ती पिन आणि स्प्रिंग असलेला भाग, गळतोय, तो बदलायला फार वेळ लागत नाही. टोपी मात्र परत लावा, धूळ आत जाते. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचं विचाराल तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच, महिन्यातनं एकदा गेज लावणं जास्त उपयोगाचं.

कमी हवेवर कडा झिजतात, जास्त हवेवर मधला पट्टा, आणि कमी हवेवर जोरात पळवली तर बाजू तापून टायर फुटू शकतो.

राहिली स्टेपनी. छोटी, बारीक असेल तर तिच्यावर बहुतेक ६० पीएसआय लिहिलेलं असतं, गेज तिलाही लावा.