फियाटचा बोल्ट ओळखायचा कसा? आटे, डोकं आणि मुलामा

(हातात दोन बोल्ट, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार मंडळी. हे दोन बोल्ट बघा. जाडी तीच, लांबी तीच, दोघांच्याही डोक्याला सतराचा पाना लागतो. डावीकडचा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. उजवीकडचा फियाट ११०० च्या इंजिनावरचा आहे. तो घेऊन त्याच दुकानात गेलात तर दुकानदार तुम्हाला डावीकडचाच काढून देणार आणि वर म्हणणार, "साहेब, दहा एमएम म्हणजे दहा एमएम." माणूस खोटं बोलत नाही. दोन्ही दहाचेच आहेत. फरक आट्यात आहे. पहिल्याची पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर, दीड मिलिमीटर. दुसऱ्याची सव्वा. चुकीचा बोल्ट हाताने एकदोन फेरे जातो, मग अडतो. आणि तिथे कुणी लांब पाना लावून जोर केला, की ब्लॉकमधले आटे गेलेच.

जुनी गाडी उभी करताना लोक बॉडी, रंग, क्रोम यांवर महिनेच्या महिने घालवतात आणि नटबोल्ट शेवटच्या आठवड्यात पिशवीभर आणतात. मग दीड वर्ष खपून तयार केलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत कालपरवाचे चकचकीत निळसर बोल्ट दिसतात. जाणकार माणूस तिथेच बॉनेट बंद करतो. म्हणून आज फक्त नटबोल्ट. गाडी आपल्या कुर्ल्याची, फियाट. जोडीला अॅम्बेसिडर आणि जीप, कारण गॅरेजमध्ये या तिघींचे बोल्ट एकाच डब्यात पडलेले असतात आणि सगळा घोळ त्या डब्यात होतो.

आधी गाडी जन्माला कुठे आली ते बघा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांनी सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या. त्या अमेरिकन, म्हणजे सगळं इंचात. त्याच कारखान्यात पुढे इटलीची फियाट आली, ती पूर्ण मिलिमीटरमध्ये. १९६४ ची ११०० डिलाइट, सत्तरच्या दशकात तिची झालेली पद्मिनी, सगळ्या मेट्रिक. त्यामुळे "कुर्ल्याची गाडी आहे" एवढ्यावरून बोल्ट ठरत नाही. डॉजला आणि फियाटला एकच बोल्ट चालत नाही.

आणि आपले जुने मिस्त्री मोजतात सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे पाच सोळांश, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश. जीपसाठी, अॅम्बेसिडरसाठी हे मोजमाप अगदी बरोबर आहे. पण मिस्त्री फियाटच्या दहाच्या बोल्टलाही सवयीने "तीन सुती" म्हणतात. तीन सूत भरतं साडेनऊ मिलिमीटर. अडीच सूत भरतं ७.९४, म्हणजे आठला जवळजवळ चिकटलेलं. डोळ्याला हा फरक कळत नाही. त्यातून अडीच सुती बारीक आट्याच्या, म्हणजे यूएनएफच्या, बोल्टला एका इंचात २४ आटे असतात आणि फियाटच्या आठच्या बोल्टला साधारण २० भरतात. मिस्त्रींचा मान राखा, चहा पाजा, पण माप स्वतः घ्या.

माप घ्यायला दोनच गोष्टी लागतात. व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून मिलिमीटरचे अंशही मोजणारी सरकती पट्टी, आणि आट्याचा गेज, तो पात्यापात्यांचा पंखा मिळतो ना, तो. एक मेट्रिक, एक इंचाचा, दोन्ही घ्या. पातं आट्यात बसवून उजेडासमोर धरा. फट दिसली की पातं बदला. गेज नसेल तर व्हर्निअरने दहा आट्यांचं अंतर मोजा: साडेबारा मिलिमीटर भरलं तर पिच सव्वा, पंधरा भरलं तर दीड. व्यास मोजताना दहाचा बोल्ट ९.८ च्या आसपास दाखवेल. घाबरू नका, आट्याची टोकं नेहमी थोडी कमीच असतात.

अॅम्बेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचं एकच प्रमाण ठरवलं, युनिफाइड. त्यातला बारीक आटा यूएनएफ, जाडा यूएनसी. अॅम्बीच्या बॉडीला आणि जुन्या बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, इंजिनाला हेच. पण नव्वदच्या दशकातली इसुझू इंजिनवाली अॅम्बी असेल तर बॉडी इंचात आणि इंजिन मिलिमीटरमध्ये! जीपचंही तसंच. महिंद्राने १९४७ पासून विलीज जोडायला घेतली, ती इंचातली. पुढे प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, ते मेट्रिक. शिवाय जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्याचे असतात. ते सोडवायला उलटं फिरवावं लागतं. हे माहीत नसलेल्या माणसाने पाइप लावून जोर केला की स्टड तुटून हातात येतो. डॉज-प्लिमथलाही हाच प्रकार.

(हसत) यांहून तिरपागडी गाडी हवी असेल तर एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची टी मालिका घ्या, टीसी, टीडी. तिच्या इंजिनाचे बोल्ट मेट्रिक आट्याचे आणि डोकी व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्लिश इंचाच्या प्रमाणाच्या, पान्याची. कारण असं की मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. हॉचकिस फ्रेंच, त्यामुळे यंत्रं मिलिमीटरचे आटे पाडणारी. यंत्रं कशाला बदला? आटे तेच ठेवले आणि डोकी अशी केली, की इंग्रज मेकॅनिकच्या हातातला पाना बसावा. तिथे आठचा बोल्ट एक मिलिमीटर पिचचा असतो. बाजारातला सव्वाचा लावलात तर संपलं.

आता डोकं. इथे मजा आहे. जुन्या युरोपीय प्रमाणात दहाच्या बोल्टला सतराचं डोकं, बाराच्याला एकोणीसचं. नव्या आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, प्रमाणात दहाला सोळा, बाराला अठरा. जपानी गाड्यांत दहाला चौदा आणि आठला बारा. म्हणजे पाना लावला की बोल्टाचं गाव कळतं. फियाटमध्ये एखाद्या दहाच्या बोल्टला चौदाचा पाना लागला, तर तो कुणीतरी मारुतीतून आणून बसवलाय. आणि खरं सांगू का, ज्याने बसवला तो मिस्त्री हुशार होता. मारुतीच्या दहाच्या बोल्टचीही पिच सव्वाच असते, दर्जा चांगला, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. जिथे नजर पोहोचत नाही तिथे मीही तेच वापरा म्हणेन. वरून दिसणाऱ्या जागी मात्र सतराचंच डोकं हवं. असे बोल्ट मिळतात, फक्त दुकानात "बारीक आटा द्या" म्हणून भागत नाही. कागदावर लिहून न्या: एम १० (म्हणजे दहा मिलिमीटर), पिच १.२५, डीआयएन (जर्मन प्रमाण) ९६० किंवा ९६१. ९६० म्हणजे मधला भाग सपाट, ९६१ म्हणजे डोक्यापर्यंत आटे. नुसतं दहाचं मागितलंत तर ९३१ आणि ९३३ मिळतात, ते जाड्या आट्याचे.

डोक्यावर काय कोरलंय तेही वाचा. मेट्रिकला ८.८, १०.९ असे ताकदीचे आकडे. अमेरिकन बोल्टला रेघा: तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, साधारण ८.८ च्या ताकदीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड आठ, १०.९ च्या जवळ. त्याशिवाय बनवणाऱ्याची खूण असते आणि शौकीन जीव टाकतात ते त्या खुणेवर. दुसऱ्या महायुद्धातली फोर्डने बनवलेली जीप, जीपीडब्ल्यू, तिच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, फोर्डचा 'एफ' असतो. त्या एका अक्षरासाठी लोक दोन-दोन देश शोधतात. फियाटवाल्यांना एवढं वेड परवडत नाही आणि गरजही नाही, असं माझं मत. आटा, डोकं आणि रंग जुळला तर पुरे.

मग शोधायचं कुठे? पहिली जागा तुमचीच गाडी. गंजलेला बोल्ट फेकू नका. सोडवण्याआधी फोटो काढा, प्रत्येक जोडाची वेगळी पिशवी, तिच्यावर जागेचं नाव, आणि बोल्ट, स्प्रिंग वायसर, साधा वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. इंजिनावरचे बोल्ट साठ वर्षांत बहुतेक बदललेले असतात. पण डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या रुळांखाली, दाराच्या आतल्या बिजागरीला सहसा कुणाचा हात गेलेला नसतो. कारखान्यातला मूळ मुलामा कसा होता, ते तिथे दिसतं.

दुसरी जागा बाजार. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तिथे बोल्ट नवे मिळतात आणि पिच सांगितली की समजणारी माणसं आहेत. ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टची जुनी दुकानं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातून सुटे केलेले भाग. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारी जुना बाजार. बाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, कोलकात्याचा मलिक बाजार. अॅम्बीसाठी मलिक बाजार उजवा. फियाटच्या मालाला इतकी वर्षं जिवंत ठेवलं ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता रोजचं गिऱ्हाईक गेलं. बंद पाकिटातला जुना माल दिसला तर "पुढच्या वेळी घेऊ" म्हणू नका. पण टॅक्सीतून निघालेले बोल्ट मूळचे समजून घेऊ नका. टॅक्सी धंद्यावर चालायची, हाताला लागेल तो बोल्ट मारायचा आणि निघायचं.

पार्ट्स कॅटलॉगची झेरॉक्स मिळवा. ब्रिटिश गाड्यांचे पार्ट नंबर तर स्वतःच बोलतात. ब्रिटिश लेलँड कंपनीच्या काळातला एसएच ६०५०५१ हा नंबर घ्या. एसएच म्हणजे षट्कोनी डोक्याचा, पूर्ण आट्याचा स्क्रू. सहा म्हणजे यूएनएफ. पुढचे ०५ म्हणजे पाच सोळांश इंच, आपलं अडीच सूत. नंतरचे ०५ म्हणजे लांबी पाच अष्टमांश इंच. शेवटचा १ मुलाम्याचा. एवढं कळलं की पार्ट शोधत फिरायला नको, तो आकार कुठेही घेता येतो.

मोनोग्राम आणि क्रोम पट्ट्यांचं वेगळं. तिथे पुष्कळदा बोल्टच नसतो, जस्ताच्या ओतीव खुंटीवर स्प्रिंग पत्र्याचा स्पीड नट दाबून बसवलेला असतो. पुढून पेचकस घालून उचकटलंत की खुंटी मोडते, आणि अख्खा मोनोग्राम गेला. मागून हात घाला, नट कापा. नट नवा मिळतो, मोनोग्राम नाही.

काहीच मिळालं नाही तर लेथ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दिलात तर हुबेहूब करून देणारे टर्नर आहेत. पण ते दिसण्यापुरतं. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन इथे लेथवर केलेला बोल्ट नको आणि साठ वर्षांचा मूळ बोल्टही नको. तिथे नवा, खात्रीच्या दर्जाचा, आणि जोडाच्या आत सपाट दांडी येईल असा. आटे त्या जागी आले तर बोल्ट तिथूनच तुटतो. स्प्लिट पिन दर वेळी नवी. या बाबतीत मूळपणाचा हट्ट धरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, मी त्याच्या गाडीत बसत नाही.

राहिला मुलामा. जुन्या गाड्यांत कॅडमियम खूप असायचं, मंद रुपेरी, किंचित पिवळट झाक. ते विषारी आहे. त्याला गॅस लावू नका, तारेच्या ब्रशने कोरडं घासू नका, धूळ छातीत जाते. त्याऐवजी साधं झिंक करून घ्या, पण चकचकीत निळं नको म्हणून सांगा. झिंक करण्याआधी बोल्ट आम्लात बुडवतात, आणि त्यात पोलादात हायड्रोजन शिरतो. ८.८ ला सहसा त्रास होत नाही. १०.९ आणि त्यावरचे बोल्ट मात्र पुढे काही दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, कडकन तुटू शकतात. त्यासाठी मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत ते भट्टीत टाकून १९० ते २२० अंशांवर काही तास भाजावे लागतात. प्लेटिंगवाल्याला हे तोंडी सांगू नका, चलनावर लिहून द्या. आणि त्याच्याकडे भट्टी नसेल तर ते बोल्ट वेगळे काढून परत घरी आणा.