अनंत काळाचं रीडिंग

बी.एस्सी.चं फिजिकल केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. बाटलीत अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, 100 मिलिलिटर. त्यात 5 मिलिलिटर मिथाइल ॲसिटेट पडतं आणि स्टॉपवॉच सुरू होतं.

बघायला काहीच नाही. रंग बदलत नाही, बुडबुडेही येत नाहीत. पण आत मिथाइल ॲसिटेट हे एस्टर फुटतंय, ॲसेटिक आम्ल तयार होतंय. दर दहा मिनिटांनी 5 मिलिलिटर मिश्रण पिपेटनं काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं. गारठ्यानं अभिक्रिया जवळजवळ थबकते. मग फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा दर्शक, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी छटा टिकली, की किती सोडियम हायड्रॉक्साइड लागलं ते रीडिंग. एक थेंब जास्त पडला, तर तो दहाव्या मिनिटाचा नमुना पुन्हा मिळत नाही.

अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा मोजला जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी, 1850 साली, साखरेच्या द्रावणावर. वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी गणितात मांडलं. तीसेक वर्षं फारसं कुणी लक्षच दिलं नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांनी मिथाइल ॲसिटेट घेतलं, तेच आज या टेबलावर आहे.

व्हायवात हमखास येणारा प्रश्न: पाणीसुद्धा अभिक्रियेत भाग घेतं, मग ही प्रथम कोटीची, म्हणजे वेग एकाच पदार्थाच्या संहतीच्या प्रमाणात असणारी, कशी? प्रथम कोटीच्या समीकरणाची सिद्धता पाठ असलेलेही इथे अडखळतात. खरं तर साधा हिशोब आहे. या बाटलीत एस्टरच्या एका रेणूमागे पाण्याचे ऐंशीहून जास्त रेणू आहेत. सगळं एस्टर फुटलं, तरी पाणी खर्ची पडतं शंभरातलं जेमतेम एक. म्हणून पाण्याची संहती स्थिर धरायची. कोटी ‘छद्म’, म्हणजे वरवरची, म्हणतात ती एवढ्यासाठीच. आमच्या मते फळ्यावरची सिद्धता या बाटलीनंतर यायला हवी.

आणि शेवटचं रीडिंग, अनंत काळाचं. तेवढं थांबणार कोण? थोडं मिश्रण बूच लावून गरम पाण्यात तासभर ठेवतात, अभिक्रिया जवळपास पुरी होते. प्रत्येक रीडिंग या आकड्यातून वजा करायचं, लॉग घ्यायचा, वेळेसमोर मांडायचा. सरळ रेषा आली, तर तिच्या उतारावरून वेगस्थिरांक मिळतो.

तासभर थांबायचा कंटाळा येतो, मग शेजाऱ्याच्या जर्नलमधून आकडा उतरवला जातो. सुरुवातीचे बिंदू तरीही रेषेवर बसतात. शेवटी मात्र वजाबाकी लहान होत जाते, तीच चूक मोठी दिसू लागते, आणि आलेखाचं शेपूट वाकतं. सरांना तेवढं पुरतं.