पेटीच्या आधी माणसं

नमस्कार मंडळी. मघाशी माझी ओळख 'मधमाशीतज्ज्ञ' अशी करून दिली, ती आधी खोडते. मी ३५ वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले, आणि आता घरामागच्या आंब्याखाली सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. तेवढंच माझं भांडवल.

मला फोन येतात ते बहुतेक एकाच प्रश्नाचे. "बाई, पेटी कुठे मिळेल?" पेटी मिळते हो. पैसे मोजले की माश्यांसकट घरपोच येते. माझीही तशीच आली होती, जानेवारीत. पाच चौकटी, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी फ्रेमा, भरून माश्या. दारात शेवगा फुललेला, पुढे जांभळाचा मोहर आला, वाटीभर मध काढून मी गल्लीत चमचा चमचा वाटलासुद्धा. मग पाऊस लागला. झाकण उघडलं तर माश्या भिजतील, म्हणून मी दीड महिना पेटीला हात लावला नाही. ऑगस्टात उघडली तर आत एक माशी नाही. पोळ्यांवर कोळिष्टकासारखी जाळी आणि त्यात मेणकिड्याच्या, म्हणजे पोळ्याचं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या वळवळताहेत.

मला वाटलं, मेल्या. शेजारच्या गावात एक आजोबा वर्षानुवर्षं माश्या पाळतात, असं तेव्हा कुणीतरी सांगितलं. ते आले, एक चौकट उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "मेल्या न्हाईत पोरी, उपाशी व्हत्या, निघून गेल्या." सातेरीचा स्वभावच तो. भरपावसात फुलोरा नसतो, पेटीतला साठा संपतो, माश्या कमी झाल्या की मेणकिडा शिरतो, मग त्या घर सोडतात. उपाय काय होता? साखर आणि पाणी निम्मं निम्मं, चार-पाच दिवसांनी एकदा, संध्याकाळी, वाटीत काड्या टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत. काही किलो साखरेचा प्रश्न होता! त्या आजोबांना मी जूनमध्ये भेटले असते, तर पेटी राहिली असती.

म्हणून मी म्हणते, पेटीच्या आधी माणसं शोधा.

प्रशिक्षण घ्याच. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं, ते एकदा बघून या. पण वर्ग चार-पाच दिवसांचा असतो आणि माश्यांचं वर्ष बारा महिन्यांचं. वर्गातून प्रमाणपत्राबरोबर आणखी एक गोष्ट आणायची, ती म्हणजे शेजारी बसलेल्यांचे फोन नंबर. आमचं मधपाळांचं मंडळ अशाच सहा नंबरांतून उभं राहिलं.

माशी कोणती, हेही विचारतात. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत नांदत नाहीत. मेलिफेरा, म्हणजे परदेशातून आणलेली माशी, मध भरपूर देते, पण फुलोरा संपला की तिच्या पेट्या ट्रकात घालून मोहरीला, सूर्यफुलाला न्याव्या लागतात. तो धंदा झाला. हौसेला सातेरी बरी.

मंडळात आम्ही करतो काय? बायकांच्या भिशीसारखं आहे आमचं. दर रविवारी एकाची पेटी उघडायची, बाकीचे भोवती. नवा माणूस आधी नुसता बघतो, मग स्मोकर, म्हणजे माश्या शांत करायचं धुराचं भांडं, धरतो, मग चौकट उचलतो. इंग्लंडात मधपाळांची राष्ट्रीय संघटना १८७४ पासून आहे आणि तिथल्या कित्येक गावच्या मंडळांच्या स्वतःच्या पेट्या असतात. नवख्यानं पहिले डंख त्या पेट्यांवर खायचे! ही युक्ती आम्ही उचलली. आमच्याकडे सामायिक पेट्या दोन, मध काढायचं यंत्र एक. प्रत्येकानं यंत्र घेणं म्हणजे वर्षातून दोन दिवसांसाठी पैसे अडकवणं.

खरं शिक्षण चौकट वाचण्यात आहे. नवा माणूस राणी शोधत बसतो. शोधू नका. चौकट तिरपी धरा, ऊन पाठीवरून येऊ द्या आणि पोळ्यातल्या छोट्या षट्कोनी घरांच्या तळाशी बघा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी उभी अंडी दिसली की झालं. अंडं तीन दिवसांनी फुटतं, म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी नक्की इथे होती. मला गणिताच्या बाईला हे फार आवडलं. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखं लोंबतं घर दिसलं, तर ते नव्या राणीचं. अंडं घातल्यापासून साधारण १६ दिवसांत राणी बाहेर येते, पण जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन त्याच्या बरीच आधी उडून जाऊ शकते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत आठवड्याला एकदा पेटी बघायची. हे पुस्तकात वाचून कळतं. डोळ्याला दिसायला मात्र शेजारी कुणीतरी बोट दाखवणारं लागतं.

आणि भांडणं? होतात की. सोसायटीत कुणाच्या गॅलरीत थवा बसला की आधी आम्हाला फोन येतो, मग तो कुणी न्यायचा यावरून आमच्यात जुंपते. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. शेजाऱ्यांना न विचारता गच्चीवर पेटी ठेवणाऱ्याला मात्र आम्ही मंडळात घेत नाही. त्यात चर्चा नाही.

डंखाचं विचारणार होतात ना? बसतो. नांगी लगेच नखानं खरवडून काढायची, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. सूज सगळ्यांना येते. पण धाप लागली, अंगभर पित्त उठलं, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, आणि पुढे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पेटीजवळ जायचं नाही.

ज्यांना यायचंय त्यांनी येत्या रविवारी नऊला आमच्याकडे या. ऊन चढलं की बऱ्याचशा माश्या कामावर गेलेल्या असतात. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अत्तर लावू नका. आणि नाश्त्याला केळं खाऊन येऊ नका. डंख मारताना माशी बाकीच्यांना जो धोक्याचा वास सोडते, तो पिकल्या केळ्यासारखाच असतो.