फोन कोण उचलतं?

[दृश्य: सॅन अँटोनिओ, टेक्सास. ग्वादालूपे रस्ता, सकाळची वेळ. बेकरीची काच, पलीकडे टायरचं दुकान, मध्ये एक अरुंद दार.]

सॅन अँटोनिओ. निम्म्याहून जास्त शहराची मुळं मेक्सिकोत नाहीतर त्याहून दक्षिणेला. 1946 साली याच शहरात केसीओआर हे रेडिओ स्टेशन सुरू झालं. दिवसभर स्पॅनिश कार्यक्रम, आणि मालक राउल कोर्तेस, त्याच समाजातले. तेव्हा स्पॅनिशमध्ये माल विकणं इथं जुनं आहे. पाव खपतो, टायर खपतात. घोडं अडतं ते वकिलापाशी.

हे अरुंद दार अशाच एका छोट्या वकिली ऑफिसचं. एक वकीलबाई, एक मदतनीस, चार खुर्च्या.

मराठी प्रेक्षकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी: अमेरिकेत वकील उघड जाहिरात करतात. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम 36 ती करू देत नाही. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं टाकता येतं, बस्स. अमेरिकेतही 1977 पर्यंत साधारण असंच होतं. फिनिक्समधल्या जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी माफक फीचं ऑफिस काढलं, आणि पुरेसे अशील मिळेनात म्हणून वर्तमानपत्रात चक्क दरपत्रक छापलं. दोघांच्या संमतीचा घटस्फोट 175 डॉलर, नाव बदलून घेणं 95, कोर्टाची फी वेगळी. ॲरिझोनाच्या वकील संघटनेनं, म्हणजे बारनं, कारवाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी वकिलांना जाहिरातीचं दार उघडलं.

[दृश्य: रस्त्यापलीकडची एक पाटी. स्पॅनिशमध्ये: कर भरून मिळेल, पैसे पाठवा, भाषांतर, कागदपत्रं.]

आता या बाईंची स्पर्धा कुणाशी? हायवेच्या कडेला प्रचंड फलक लावणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी नाही. स्पर्धा आहे या समोरच्या पाटीखाली टेबल टाकून बसलेल्या नोटरीशी.

आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी हा बहुतेक वेळा काळ्या कोटातला वकीलच असतो. मेक्सिकोतला 'नोतारिओ पुब्लिको' तर त्याहूनही वरचा: कायदा शिकलेला, अनुभवी, मान असलेला माणूस. अमेरिकेत मात्र नोटरीचा शिक्का मिळवायला वकील असावं लागत नाही. थोडी फी, शपथ, काही राज्यांत छोटा अभ्यासक्रम किंवा परीक्षा, झालं. पण गावाकडून आलेला माणूस 'नोतारिओ' वाचतो आणि त्याला मोठा वकील दिसतो. एका शब्दाच्या जोरावर कित्येक कुटुंबं बुडाली आहेत.

उदाहरण द्यायचं तर 'दहा वर्षांचं ग्रीन कार्ड'. दहा वर्षं इथं काढलीत ना, मग अर्ज टाकू, कार्ड येईल, असं सांगून पैसे घेतले जातात. असं कार्ड अस्तित्वातच नाही. दहा वर्षांची तरतूद आहे, पण ती हद्दपारीचा खटला उभा राहिल्यावर न्यायाधीशापुढे मांडायची. तीही नवरा, बायको, आईवडील किंवा मूल अमेरिकेचं नागरिक किंवा कायम रहिवासी असेल आणि त्याच्यावर असाधारण संकट कोसळणार असेल तरच. त्यातही वर्षाला 4,000 जणांची मर्यादा. मग टेबलवाला करतो काय? आश्रयाचा अर्ज भरून टाकतो, पुष्कळदा अशिलाला न सांगता. अर्ज फेटाळला की इमिग्रेशन कोर्टाचं बोलावणं. ज्या सरकारला आपला पत्ता ठाऊक नव्हता, त्याला तो आपणच फी मोजून कळवलेला असतो. आणि त्या कोर्टात सरकार वकील देत नाही. स्वतःच्या पैशानं आणायचा.

टेक्सासच्या कायद्यानं नोटरीला 'नोतारिओ' म्हणून जाहिरात करायला बंदी आहे. 'मी वकील नाही' हेही दोन्ही भाषांत लिहायचं असतं. तरी टेबल चालतं, कारण तिथं बसलेला माणूस स्पॅनिश बोलतो आणि रविवारी चर्चमध्ये भेटतो.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. वेबसाइटचा कच्चा मसुदा, लाल खुणा.]

म्हणून बाईंनी वेबसाइट स्पॅनिशमध्ये करायला घेतली. पहिल्याच ओळीत खोळंबा. इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम भागतं. स्पॅनिशमध्ये 'तू' की आदराचं 'उस्तेद'? हा 'तू' उच्चाराला आणि बऱ्याच अंशी अर्थालाही आपलाच 'तू'. बुटांच्या जाहिरातीत तो खपून जातो. पण साठीच्या आजोबांना वकील पहिल्याच वाक्यात 'तू' म्हणाली, तर काय वाटेल ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 'उस्तेद' ठरलं.

मग शब्द. इंग्रजी मजकुरात 'ॲडजस्टमेंट ऑफ स्टेटस' होतं, म्हणजे अमेरिकेत राहूनच कायम रहिवासी होणं. त्याचा शब्दशः अनुवाद कायद्याला धरून असला तरी घरात तसं कुणी बोलत नाही. लोक म्हणतात 'आर्रेग्लार पापेलेस', कागद नीट करून घेणं. शोधतातही तेच. आणखी एक लाल खूण: 'कन्व्हिक्शन'च्या जागी 'कोन्बिक्सिओन'. दिसायला जुळे, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ठाम श्रद्धा. कोर्टानं दोषी ठरवणं म्हणजे 'कोंदेना'. अर्जात जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तोच असा विचारला तर अशील प्रामाणिकपणे भलतंच उत्तर देईल.

बाकी मार्ग ओळखीचे. मेक्सिकोची अमेरिकेत 50 हून अधिक वाणिज्य दूतावास-कार्यालयं आहेत आणि ती बाहेरच्या वकिलांकडून नागरिकांना सल्ला मिळवून देतात. तिथं नाव लागलं की नाव होतं. रेडिओ आहे. आणि बेकरीवाला नाताळात वाटतो ते कॅलेंडर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर टांगलेलं. कालनिर्णयच्या घरात वाढलेल्यांना त्याची ताकद कळेल. त्यावर जाहिरातीची जागा विकत घेता येते. पण 'माणूस पाठव, डोक्यामागे एवढे देतो' असं बेकरीवाल्याला म्हटलं, तर टेक्सासमध्ये तो फौजदारी गुन्हा.

एवढं करून फोन वाजतो, आणि पलीकडून इंग्रजी ऐकू आलं की ठेवला जातो. काही ऑफिसांत यंत्र म्हणतं, "पारा एस्पान्योल, ओप्रीमा एल दोस." दोन दाबा. दाबल्यावर पुन्हा इंग्रजीच. माझ्या मते तिथं वेबसाइटचे सगळे पैसे पाण्यात जातात. काही जण शाळकरी मुलाला दुभाष्या म्हणून सोबत आणतात. आईवर घरात काय गुदरलं, ते नऊ वर्षांच्या मुलानं वकिलाला सांगायचं! अमेरिकन बार असोसिएशननं 2021 मध्ये मत दिलं: अशिलाशी नीट समजेल असं बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर योग्य दुभाष्याची सोय बघणं हे वकिलाचं कर्तव्य.

[दृश्य: संध्याकाळ. वकीलबाई कोर्टातून परतलेल्या नाहीत. मदतनीस टेबलाशी एकटी. फोन वाजतो.]

"आब्ला एस्पान्योल?" स्पॅनिश बोलता?

"सी, सेन्योरा. दीगामे." हो बाई, सांगा.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग बाई बोलू लागते, अगदी सुरुवातीपासून: कुठल्या गावची, कधी आली, मुलं किती. मदतनीस मधे तोडत नाही. कोपऱ्यात तारीख घालून ती लिहायला लागते.